गाडी गावातच थांबू द्या

प्रश्न : आमच्या गावचा डोंगर आणि त्यावरचा सडा (कातळाचं पठार) आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्रात आलाय. पावसाळ्यात फुलं बघायला लोक आत्ताच येऊ लागलेत. सुविधांसाठी निधी मिळेल म्हणून ग्रामसभेत चर्चा झाली. बहुतेकांना सड्यापर्यंत गाडीरस्ता, वर पार्किंग, पॅगोडा (बसायची छत्री) आणि पेव्हर ब्लॉकची वाट हवी आहे. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय मागायचं तेही सांगता येत नाही.
– ग्रामपंचायत सदस्या, भुदरगड तालुका

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे. वनखात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली कितीतरी वाटा आखण्यात गेली. त्या जोरावर सांगतो.

लांबून सडा ओसाड कातळ दिसतो. म्हणून ‘तिथं काय आहे, गाड्या तिथंच लावू’ असं लोक सहज म्हणून जातात. पण जांभ्या दगडावर माती असते बोटभर, कुठं तेवढीही नाही. त्या बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि पाऊस सरला की वाळून जातात. टायर फिरून ती माती एकदा सुटली की पाण्याबरोबर वाहून जाते. परत साठायला आपलं आयुष्य पुरायचं नाही. सड्यावरचे सुटे दगडही हलवू देऊ नका. कामावरची माणसं वाटेच्या कडेला रचायला तेच गोळा करतात. फुरसं, पाली, देवगांडूळ त्यांच्याच खाली राहतात. वर उघड्यावर दुसरा आडोसा नाही.

तेव्हा गाड्या गावात. माणसं तुमच्या घरांवरून चालत गेली तर चहा पितील, भाकरी खातील, मध घेतील. मधाचं गाव पाटगाव तुमच्याच तालुक्यात आहे. गर्दीचं काय होतं ते कासनं दाखवलंय. ते पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात आलं. पुढं दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालावी लागली, लोखंडी जाळीही लावावी लागली. तुम्ही आकडा आधीच ठरवा, तोही स्वच्छतागृह आणि वाटाडे किती आहेत ते बघून.

आता वाट. धनगरवाड्यावरच्या जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि गुरं कुठून चढतात ते बघा. बहुतेकदा नवी वाट खोदावीच लागत नाही. लागलीच, तर डोंगराच्या धारेवरून सरळ वर काढू नका. एका गावात आम्ही घाईघाईनं तशी काढली, वर सिमेंटच्या पायऱ्या बसवल्या. जूनमध्ये पाणी पायऱ्यांवरून धावायला लागलं. पाय घसरतो म्हणून लोक कडेच्या मातीवरून चढू लागले. ऑगस्टपर्यंत दोन्ही अंगांना गुडघाभर चर पडले होते. ती वाट मीच आखली होती. अजून सलतं.

वाट डोंगराच्या कुशीनं आडवी न्या. दहा मीटर चालल्यावर एक मीटर चढ, त्याहून जास्त नको. शिवाय डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमीच हवा. नाहीतर पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटच धरतं. मीटरभर रुंदीची वाट पुरे. तिची दरीकडची कड पाचेक सेंटीमीटर खाली ठेवा आणि मध्येमध्ये वाट थोडी उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे तिथं पाणी बाहेर पडतं. काम झालं की तांब्याभर पाणी वाटेवर ओता. आडवं वाहून दरीकडं गेलं तर मुकादमाला शाबासकी द्या. वाटेनंच चार पावलं पुढं धावलं तर बिल मंजूर करू नका.

स्वच्छतागृह एकच, गाड्यांजवळ, झऱ्यापासून लांब आणि त्याच्या खालच्या अंगाला. वर पाणी कोण नेणार, मैला कोण उपसणार? पॅगोडा नकोच, सावलीला वाटेवर झाडं आहेत. वाटेत देवराई असेल तर वाट बाहेरून वळवा, आणि तेही मानकऱ्यांना विचारून.

हे सगळं कुठं मांडायचं? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ ब प्रमाणे अशा क्षेत्राची व्यवस्थापन समिती असते आणि क्षेत्र ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतं, त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी तिच्यात असतो. तुमच्या गावाच्या प्रतिनिधीचं नाव गेलंय का, ते या आठवड्यातच वनक्षेत्रपालांना विचारा. गेलं नसेल तर ठराव करून स्वतःचं द्या.

प्रश्न : आमच्याकडं जंगलवाटेवर सौरदिवे लावायचं चाललंय. लावावेत का?
– शिक्षक, चंदगड

उत्तर : नकोत, गुरुजी. रात्री त्या वाटेवर माणसाचं काम नाही. पावसाळी रात्री बेडूक अंधारात ओरडून मादीला बोलावतात, उजेडानं त्यात खंड पडू शकतो, किडे उजेडाभोवती फिरून मरतात, गवे वाट बदलून शेतात उतरू शकतात. खांबांचा खर्च गावातल्या गल्लीवर करा, आणि तिथल्या दिव्यालाही वरून टोपी बसवून घ्या, उजेड खालीच पडेल अशी.