संशोधनाच्या शंका: ३८४ हा आकडा आला कुठून?

या वेळच्या पत्रांत प्रकल्प आणि प्रबंध करणाऱ्यांची गर्दी आहे. सबमिशन जवळ आलं की असंच होतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि तुमच्या संस्था ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. एक सांगून ठेवते. कोणताही प्रबंध हातात आला की मी आधी तिसरं प्रकरण उघडते, म्हणजे संशोधन पद्धतीचं. प्रस्तावना सगळ्यांच्या छान असतात. काम कसं झालं, ते तिसऱ्या प्रकरणात कळतं.

मॅडम, माझा नमुना ३८४ विद्यार्थ्यांचा आहे. गुगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकून आठवड्यात प्रतिसाद जमवले. पद्धतीच्या प्रकरणात ‘यादृच्छिक नमुना निवड’ असं लिहिलंय. तोंडी परीक्षेत यावर काही विचारतील का?
— एम.ए. दुसरे वर्ष, समाजशास्त्र

मी समोर बसले असते, तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

हा ३८४ इतक्या प्रबंधांत भेटतो की त्याची ओळख करून द्यायला हवी. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये एक तक्ता प्रसिद्ध केला. किती लोकसंख्येला किती नमुना पुरेल, ते त्यात आयतं मिळतं. २०० माणसांच्या गटासाठी १३२, हजारांसाठी २७८ आणि दहा लाखांसाठी ३८४. गणित सोपं आहे. विश्वासपातळी ९५ टक्के, त्रुटीची मर्यादा पाच टक्के अधिक-उणे, आणि लोक निम्मे-निम्मे विभागले आहेत असं धरायचं. मग १.९६ (९५ टक्के विश्वासपातळीसाठी ठरलेला आकडा) याचा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर येतं ३८४.१६.

या गणिताला एक अट आहे. गटातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी हवी. म्हणजे आधी सगळ्यांची यादी हवी आणि त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने नावं उचलायला हवीत. लिंक ग्रुपवर टाकली आणि ज्यांना वेळ होता त्यांनी भरली, तर तो सोयीचा नमुना. अशा नमुन्यात ३८४ काय आणि ३,८४० काय, ‘पाच टक्के अधिक-उणे’ म्हणण्याचा हक्क मिळत नाही. यादृच्छिक म्हणजे ‘कसाही, कुणीही’ असा समज पसरलाय. प्रत्यक्षात ती सगळ्यात शिस्तीची निवड आहे.

मोठ्या आकड्यावर विसंबून तोंडघशी पडल्याचं प्रसिद्ध उदाहरण १९३६ चं आहे. अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला की लँडन जिंकणार. त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार असणारा माणूस सरासरी मतदार नव्हता. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली ते आणि न घेणारे यांच्यातही फरक होता. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचं नाव बरोबर सांगितलं होतं.

तुमचा डेटा फेकून देऊ नका. ‘यादृच्छिक’ हा शब्द मात्र आजच खोडा. त्या जागी लिहा: सोयीचा नमुना, लिंक कोणत्या प्रकारच्या ग्रुपवर टाकली, ती अंदाजे किती जणांपर्यंत पोचली, किती दिवस खुली होती, किती अर्धवट फॉर्म वगळले. मग निष्कर्षात ‘विद्यार्थ्यांना असं वाटतं’ ऐवजी ‘या प्रतिसादकांना असं वाटतं’ एवढंच म्हणा. परीक्षकाला यात दुबळेपणा दिसेल ही भीती सोडा. परीक्षक उखडतात ते खोट्या शब्दावर.

विश्वासार्हता आणि वैधता यांतला फरक पाठ होतो आणि पुन्हा विसरतो. एका उदाहरणात सांगाल?
— बी.एड.

गणिताची चाचणी घ्या. सगळे प्रश्न लांबलचक शाब्दिक उदाहरणांचे, भाषा अवघड. मुलांना ती दोनदा दिली तर गुण जवळपास तेच येतील, म्हणजे चाचणी विश्वासार्ह. पण ज्यांचं वाचन कच्चं त्यांना गणित येत असूनही गुण कमी पडतील. चाचणी मोजतेय वाचन आणि नाव लावलंय गणिताचं. तिची वैधता गेली. क्रॉनबाखचा अल्फा ०.८ आला म्हणून प्रश्नावली ‘वैध’ ठरल्याचं लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. अल्फा प्रश्नांचा आपसातला मेळ सांगतो. ते प्रश्न नेमकं काय मोजतात, हे त्याला ठाऊक नसतं.

माझ्या पाच परिकल्पनांपैकी तीन सिद्ध झाल्या नाहीत. एकीचं पी मूल्य ०.०६८ आहे, अगदी थोडक्यात हुकलं. सर म्हणतात, निकाल हातात आहेच, त्याप्रमाणे परिकल्पना बदलून घे, कुणाला कळत नाही. बदलू का?
— पीएच.डी., वाणिज्य

नको. आधी ‘सिद्ध’ हा शब्द बाजूला ठेवूया. चाचणी शून्य परिकल्पनेची, म्हणजे ‘फरक किंवा संबंध नाही’ या गृहीतकाची होते. ती नाकारता येते किंवा नाकारता येत नाही. नाकारता आली नाही म्हणजे ‘फरक नाही’ हे ठरलं असंही नाही; या नमुन्यात पुरेसा पुरावा मिळाला नाही, इतकंच.

पी मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी धरली, तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. ती ०.०५ पेक्षा कमी आली की निकाल ‘सार्थक’ म्हणायचा, ही रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रुळली. ती सोयीसाठी मानलेली रेघ आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदनच काढलं की, पी मूल्य एखादी रेघ ओलांडतं की नाही, एवढ्यावरून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत. तेव्हा ०.०६८ जसंच्या तसं छापा. सोबत परिणामाचा आकार (फरक किती मोठा) आणि विश्वासांतर (खरा आकडा कोणत्या पट्ट्यात असावा) द्या. ‘थोडक्यात हुकलं’ हे मात्र लिहू नका; ०.०४८ आलं असतं तर ‘थोडक्यात वाचलं’ असं कुणी लिहिलं नसतं.

आता सरांच्या सल्ल्याबद्दल. निकाल पाहून परिकल्पना रचायची आणि ती आधीपासून होती असं दाखवायचं, या प्रकारावर नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. यात बिघडतं काय? समजा, खरा फरक कुठेच नाही आणि तुम्ही वीस स्वतंत्र चाचण्या केल्या. ०.०५ ची रेघ धरली, तर त्यांतली निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ती एक उचलून तिच्यामागे परिकल्पना लावली की योगायोगाला शोधाचा पोशाख चढतो. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सार्थक होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे निघाले. याचं कारण एकच नाही, पण अशी मागून लावलेली परिकल्पना संशयितांच्या यादीत बरीच वर आहे.

सरांशी वाद घालत बसू नका, त्यातून काही निघत नाही. मंजूर सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, परिकल्पना छापलेल्या असतात. त्या आणि प्रबंधातल्या जुळल्या नाहीत तर समितीतलं कुणीही बोट ठेवू शकतं, एवढं शांतपणे सांगा. हे बहुधा पटतं. नवं काही सापडलं असेल, तर ‘शोधात्मक विश्लेषण’ असं वेगळं उपशीर्षक द्या आणि हे डेटा पाहिल्यावर सुचलं, असं पहिल्याच ओळीत लिहा. ते पूर्ण सन्मानाचं काम आहे. पुढचा कुणीतरी त्याचीच परिकल्पना करून नव्या डेटावर तपासेल.

नैतिकता समितीची मंजुरी डेटा जमवल्यावर घेतली तर चालते का?

नाही. मागची तारीख घालून मिळते असं कुणी सांगत असेल, तर त्या माणसापासूनही लांब राहा.

स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची काळजी घेणाऱ्या आठ जणींच्या मुलाखती मी घेतल्या. सगळ्यांच्या संमतिपत्रावर सह्या आहेत. नावांऐवजी क-१, क-२ असं दिलंय. आता त्यांच्यातल्या एकीचा फोन आला: “दिराबद्दल बोलले ते काढून टाक गं.” नेमकं तेच माझ्या प्रबंधातलं सगळ्यात बोलकं अवतरण आहे. सही असताना काढावं लागेल का?
— समाजकार्य, पदव्युत्तर

काढा. आजच काढा, आणि काढल्याचं त्यांना फोन करून कळवा.

सही म्हणजे संमतीची सुरुवात. मुलाखत देणारी व्यक्ती मध्येच थांबू शकते, एखाद्या प्रश्नाला नाही म्हणू शकते, नंतर शब्द मागे घेऊ शकते. किती तारखेपर्यंत मागे घेता येईल हे संमतिपत्रातच लिहायचं असतं, म्हणजे प्रबंध छापून झाल्यावर दोन्ही बाजूंची पंचाईत होत नाही. तुमच्या पत्रावरून तशी तारीख दिलेली दिसत नाही. तेव्हा त्यांचा शब्द अखेरचा. शिवाय त्या अवतरणात तिसरा माणूस आहे. दिराने कुठे सही केली होती?

हे नियम कागदी सोपस्कार वाटतात, कारण ते कुठून आले हे सहसा शिकवत नाहीत. स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे, हे १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांच्या नियमावलीचं पहिलंच कलम. तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं एक सरकारी अभ्यास चालला. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष, त्यांतल्या जवळपास ४०० जणांना उपदंश (सिफिलिस). उपचार चालू आहेत असं त्यांना भासवलं गेलं. चाळीसच्या दशकात पेनिसिलीन हा प्रस्थापित उपचार झाला, तरी तो दिला नाही. रोग कसा वाढतो ते पाहायचं होतं. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा ते थांबलं. त्यानंतर आलेल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वं मांडली: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. तुमच्या क-३ किंवा क-५ बाईंचा फोन पहिल्या तत्त्वात बसतो.

क-१, क-२ ने ओळख लपते, यावरही फार विसंबू नका. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली अंदाजे ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात, नावाची गरजच नाही. तुमच्याकडे तर आठच जणी. ‘क-४, वय ५३, निवृत्त परिचारिका, सासू आणि पती दोघेही रुग्ण’ असं लिहिलंत तर त्या बाईंची शेजारीण पहिल्या पानावर ओळखेल. वयाचा गट द्या, व्यवसाय ढोबळ करा, गरज नसलेला तपशील गाळा, आणि असे बदल केले आहेत हे पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा. खऱ्या नावांची यादी ध्वनिमुद्रणांपासून वेगळ्या जागी, पासवर्ड लावून ठेवा. ध्वनिमुद्रणाची परवानगी मुलाखतीच्या संमतीत गृहीत धरू नका. ती वेगळी विचारायची.

आणि त्या अवतरणाशिवाय प्रबंध उभा राहत नसेल, तर विश्लेषण उरलेल्या सात मुलाखतींकडे परत न्या. तोच धागा आणखी कुणाच्या बोलण्यात असेल तर सापडेल. नसेल तर तो एकीचाच अनुभव होता.

एआयकडून संदर्भसूची करून घेतली. साम्य तपासणीत फक्त चार टक्के आले. आता निश्चिंत ना?
— एम.कॉम.

साम्य तपासणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं. अस्तित्वात नसलेला लेख कशाशीच जुळत नाही, त्यामुळे बनावट संदर्भाचा आकडा सुंदर येतो. ही साधनं खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेला लेख बेधडक देतात, वर्ष आणि पानांसकट. सूचीतला प्रत्येक संदर्भ उघडून पाहा. जो उघडत नाही तो काढा, जो उघडतो पण वाचलेला नाही तोही काढा. सूची चाळीसवरून अकरावर आली तर अकराच द्या.