अरब देशांतल्या मुलींच्या फुटबॉल टीम नावापुरत्याच असतात का? मी पाहिलेली मोरोक्कोची टीम

तुम्ही विचारलंय की अरब देशांमध्ये मुलींना खरंच फुटबॉल खेळू देतात का, की फिफाला दाखवण्यापुरती एक टीम कागदावर ठेवलेली असते. सगळ्या अरब देशांचं एकच उत्तर देता येणार नाही, बावीस देश आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पण एका टीमबद्दल मी पोटतिडकीने सांगू शकते, कारण ती मी स्टेडियममध्ये बसून बघितलीय. मोरोक्कोची.

मी मूळची कोल्हापूरची, आता बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. कोल्हापूर म्हटल्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल, आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की पेठेत दुसरा विषय नसतो. अप्पा मला खांद्यावर बसवून न्यायचे. पण शाळेत मुलींनी फुटबॉल मागितला की हातात थ्रोबॉल मिळायचा, ग्राउंड मुलांचं. कुणी "खेळू नका" असं म्हटलं नाही कधी, बॉलच दिला नाही. हे आधी सांगतेय कारण तुमच्या प्रश्नातला "खेळू देतात का" हा शब्द मला तेव्हापासून टोचतो.

तर २०२३ चा महिला वर्ल्ड कप ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला झाला आणि त्यातल्या काही मॅच पर्थला आल्या. ३ ऑगस्टची मोरोक्को विरुद्ध कोलंबिया, संध्याकाळी सहाची, मी लेकीला घेऊन गेले. खरं सांगायचं तर तिकीट मिळालं म्हणून गेले, मोरोक्कोच्या मुलींबद्दल तेव्हा मला एवढंच माहीत होतं की वर्ल्ड कपला आलेली ही पहिली अरब टीम, रँकिंग ७२ आणि पहिल्याच मॅचला मेलबर्नमध्ये जर्मनीने त्यांना ६-० धुतलंय. त्या सहातले दोन गोल तर त्यांच्याच पायाने गेले होते, एक हनान आयत एल हाजच्या नावावर लागला.

आणि बघा, सहा दिवसांनी अॅडलेडला दक्षिण कोरियाविरुद्ध सहाव्या मिनिटाला त्याच हनानने उजवीकडून क्रॉस टाकला आणि इब्तिसाम जराइदीने हेडरने आत घातला. १-०. सिनियर महिला वर्ल्ड कपमध्ये कुठल्याही अरब टीमचा हा पहिला गोल आणि तिथेच पहिला विजय. सेल्फ गोल झाल्यावर पुढच्या मॅचला बॉल मागायला किती काळीज लागतं हे ज्याने कधी पेठेच्या टीमकडून जरी मॅच खेळलीय त्याला विचारा.

पर्थला आमच्या मागच्या रांगेत मोरोक्कोची एक फॅमिली होती, आजी, आई आणि दोन मुली. आजी डोक्यावरून ओढणी घट्ट बांधून, हातात लाल झेंडा, आणि मधूनमधून जीभ हलवून तो उंच आवाज काढायची, लग्नात काढतात तसा, पहिल्यांदा मी दचकलेच. मुली "सीर, सीर, सीर" ओरडत होत्या, त्यांच्या बोलीत म्हणजे "चल, हाण पुढे". आमची लेक दहा मिनिटांत त्यांच्यात सामील. बाकी स्टेडियम बऱ्यापैकी पिवळं होतं, कोलंबियाचे लोक भरपूर आले होते आणि कोलंबिया तेव्हा दोन मॅच जिंकून बसलेली, जर्मनीलासुद्धा हरवून.

हाफ टाइमच्या जरा आधी मोरोक्कोला पेनल्टी मिळाली. कॅप्टन घिझलान शब्बाक मारायला आली. घिझलानचे वडील लार्बी शब्बाक हेसुद्धा मोरोक्कोकडून खेळलेले, म्हणजे घरातच फुटबॉल. तिने मारला आणि कोलंबियाच्या गोलकीपरने अडवला. मागून आजीचा आवाज तुटला तो मला अजून ऐकू येतो. पण बॉल सुटून समोर आला आणि अनिसा लहमारी धावत येऊन आत ढकलून मोकळी झाली. त्यानंतर आख्खा सेकंड हाफ त्यांनी तो एक गोल सांभाळला, डोळ्यांत तेल घालून.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्याच वेळी ब्रिस्बेनला जर्मनी आणि कोरियाची मॅच चालू होती, स्कोअर १-१. जर्मनी जिंकली असती तर मोरोक्को दोन मॅच जिंकूनही घरी, कारण ते सहा गोल खाल्लेले, गोलफरकात काही चान्स नव्हता. इकडची मॅच संपली आणि तिकडची संपेचना, इंज्युरी टाइम लांबतच चाललेला. मोरोक्कोच्या सगळ्या मुली आणि स्टाफ मैदानाच्या मध्ये कडं करून उभे, कुणाच्या तरी हातात मोबाइल, सगळ्यांची डोकी त्या एवढ्याशा स्क्रीनवर. स्टँडमध्ये आम्हीही तेच करत होतो, लेकीच्या हातात माझा फोन आणि वरून आजी वाकलेली. आणि मग तिकडची १-१ वरच संपली आणि ते कडं एकदम फुटलं, कोणी पळतंय, कोणी जमिनीवर कपाळ टेकलंय, कोणी नुसतं रडतंय. दोनदा वर्ल्ड कप जिंकलेली जर्मनी इतिहासात पहिल्यांदा ग्रुपमधून बाहेर आणि मोरोक्को आत. त्या वर्षी आठ टीम पहिल्यांदा वर्ल्ड कपला आल्या होत्या, त्यातली पुढच्या राउंडला गेलेली ही एकटी. आजीने मला मिठी मारली, भाषा एकमेकींची शून्य.

आता तुमच्या "नावापुरती" या शब्दाकडे येते. एक काळ होता की हे बऱ्यापैकी खरं होतं. मोरोक्कोच्या मुली १९९८ आणि २००० ला आफ्रिकेच्या कपला गेल्या होत्या, त्यानंतर थेट २०२२ पर्यंत दिसल्याच नाहीत. वीस वर्षांहून जास्त! टीम होती, ड्रेस होता, पण मुली खेळणार कुठे, आठवड्याला मॅच कुठली, पोटाचं काय? हे बदललं ते २०२० च्या आसपास. मोरोक्कोच्या फुटबॉल फेडरेशनचे अध्यक्ष फौझी लेकजा यांच्या काळात मुलींची लीग प्रोफेशनल केली, तीही एक नाही तर वरची आणि खालची अशा दोन डिव्हिजन, खेळाडूंना करार आणि पगार, आणि क्लबांना त्यासाठी फेडरेशनकडून पैसे. राजधानी रबातजवळ २०१९ ला मोठं ट्रेनिंग सेंटर उघडलं तिथे मुलींच्या टीमची पण सोय. कोच आणला तो रेनाल्द पेद्रोस, फ्रान्सच्या लिऑन क्लबच्या मुलींना लागोपाठ दोन वर्षं युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा माणूस. लीगमध्ये सगळ्यात तगडा क्लब सैन्याचा, एएस एफएआर, घिझलान, इब्तिसाम, फातिमा तगनाउत या सगळ्या तिथेच घडल्या, आणि २०२२ ला या क्लबने मुलींची आफ्रिकन चॅम्पियन्स लीगही जिंकली, फायनल ४-०.

शिवाय युरोपात जन्मलेल्या मोरोक्कन घरातल्या मुली. अनिसा फ्रान्सची, रोझेला अयान इंग्लंडची, यास्मिन मराबेत स्पेनची. काही जण नाक मुरडतात की ही बाहेरून आणलेली टीम आहे. मला हे पटत नाही. आईबापाच्या गावाशी ज्यांची नाळ आहे त्या त्याच गावाकडून खेळल्या तर बिघडलं काय? आणि मोरोक्कोतल्या लीगमध्ये घडलेल्या मुली बरोबरीला नसत्या तर नुसत्या बाहेरच्या येऊन काही होत नाही.

२०२२ च्या जुलैमध्ये आफ्रिकेचा कप मोरोक्कोतच झाला. क्वार्टर फायनलला बोट्सवानाला २-१ हरवलं तेव्हाच वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं झालं. सेमीफायनल नायजेरियाशी, जी आफ्रिकेत वर्षानुवर्षं कुणाला ऐकत नाही अशी टीम. रबातच्या स्टेडियममध्ये त्या रात्री ४५ हजारांच्या वर माणसं होती, मुलींच्या मॅचला, आणि नायजेरियाच्या दोघी रेड कार्ड घेऊन बाहेर गेल्या तरी मॅच पेनल्टीपर्यंत गेली, शेवटची पेनल्टी रोझेलाने मारली. फायनल साउथ आफ्रिकेकडून २-१ हरले ते सोडा. मी नंतर त्या मॅचचे व्हिडिओ बघितले, स्टँडमध्ये बापलोक मुलींना खांद्यावर घेऊन उभे आहेत. मला अप्पा आठवले, आणि फरक हा की खाली मैदानात मुलीच खेळत होत्या.

हिजाबचा विषय तुम्ही थेट काढला नाहीये पण प्रश्नाच्या पोटात तोच आहे असं मला वाटतं, म्हणून सांगते. कोरियाविरुद्धच्या त्या मॅचमध्ये डिफेन्डर नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली, सिनियर वर्ल्ड कपमध्ये असं पहिल्यांदाच झालं. तिच्या शेजारी बाकी बहुतेक जणी मोकळ्या केसांनी, पोनीटेल बांधून. एकाच टीममध्ये दोन्ही, आणि कुणी कुणाला काही म्हणत नाही. आता गंमत नाही, अन्याय सांगते. बरीच वर्षं या मुलींना अडवणारा नियम घरचा नव्हता, फुटबॉलचाच होता. २००७ पासून डोकं झाकून खेळायला बंदी होती, कारण दिलं सुरक्षेचं, गळ्याला फास बसेल म्हणून. २०११ ला जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला, ऑलिम्पिक क्वालिफायर होती, इराणच्या मुली (इराण अरब नाही, पण नियम सगळ्यांना एकच) ड्रेस घालून मैदानापर्यंत आल्या आणि स्कार्फमुळे त्यांना खेळूच दिलं नाही, मॅच जॉर्डनला बहाल. जॉर्डनचे प्रिन्स अली तेव्हा फिफाचे उपाध्यक्ष होते, त्यांनी हा विषय लावून धरला, आधी ट्रायल म्हणून परवानगी मिळाली आणि २०१४ ला बंदी कायमची उठली. म्हणजे नुहैला ज्या मैदानावर उभी राहिली त्यासाठी नऊच वर्षांपूर्वी दार उघडलं होतं.

आणि पुढच्या राउंडला मोरोक्को हरली ती फ्रान्सकडून, ४-०, पहिल्या २३ मिनिटांतच तीन गोल. हरण्याचं दुःख नाही, फ्रान्स भारीच होती. पण त्याच्या महिनाभर आधी, जून २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने त्यांच्या फुटबॉल फेडरेशनचा हिजाब बंदीचा नियम कायम ठेवला होता. म्हणजे नुहैला वर्ल्ड कपला फ्रान्सविरुद्ध मैदानात उतरू शकते, पण फ्रान्सच्या लीगमध्ये नाही. "खेळू देतात का" हा प्रश्न फक्त अरब देशांना विचारला जातो तेव्हा मला हे आठवतं.

बाकी देशांचं थोडक्यात: जॉर्डनने २०१६ ला मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भरवला. पॅलेस्टाइनच्या मुलींनी घरच्या मैदानावर पहिली मॅच २००९ ला खेळली, जॉर्डनशीच, बरोबरीत सुटली. सौदीत २०१८ च्या आधी बायकांना स्टेडियममध्ये बसायलाही बंदी होती, आणि २०२२ ला त्यांची टीम मालदीवला जाऊन पहिली मॅच खेळली. वेग वेगवेगळा आहे आणि काही ठिकाणी फारच कमी, हे मान्य.

आता आपल्याकडचं. ऑक्टोबर २०२२, मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात होता. भुवनेश्वरला १४ तारखेला आपण मोरोक्कोशी ३-० हरलो. त्यांचाही तो पहिलाच वर्ल्ड कप होता, आपलाही. नंतर त्यांची शेवटची ग्रुप मॅच गोव्यात मडगावच्या फातोर्ड्याला अमेरिकेशी झाली. त्या ३-० कडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. आपल्या पोरींमध्ये काही कमी होतं असं मला वाटत नाही. समोरच्या मुलींना मोठं झाल्यावर कुठे खेळायचं आणि पगार कोण देणार हे माहीत होतं, आपल्या पोरींना विचारून बघा.

म्हणून तुम्हाला सुचवते, कुठल्याही देशाबद्दल हे विचारायचं असेल तर असं विचारा की तिथे मुलींची लीग वर्षातले किती महिने चालते, पगार मिळतो का, आणि प्रॅक्टिसला ग्राउंड संध्याकाळी मिळतं की दुपारी बारा वाजता, मुलं नसताना.

मोरोक्कोचं पुढे सगळं गोड झालं असंही नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकला जायची संधी झांबियाकडून घरच्या मैदानावर गेली. त्याच्या आधीच, २०२३ मध्ये पेद्रोस गेला होता आणि स्पेनला वर्ल्ड कप जिंकून दिलेला होर्हे विल्दा आला होता. २६ जुलै २०२५ ला पुन्हा रबातमध्ये आफ्रिकेची फायनल, पुन्हा नायजेरिया, घिझलानने बाराव्या मिनिटाला गोल मारला, हाफ टाइमला २-० पुढे, आणि ३-२ हरले, शेवटचा गोल ८८ व्या मिनिटाला. मी पर्थला पहाटे उठून बघत होते. घिझलान पाच गोल मारून स्पर्धेची टॉप स्कोअरर, आणि कप दुसऱ्यांच्या हातात. ते बघवत नव्हतं. पण वर्ल्ड कपच्या आधी आणि नंतर मिळून घरच्या मैदानावर लागोपाठ दोन फायनल खेळलेल्या टीमला नावापुरती कोण म्हणेल?

आणि हो, त्याच महिन्यात आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आशियाई कप गाठला, क्वालिफाय होऊन, पहिल्यांदाच. ४ मार्च २०२६ ची व्हिएतनामशी मॅच ठरली ती पर्थलाच, त्याच स्टेडियममध्ये. लेकीने तेव्हाच सांगून ठेवलं की तिला तो आजीसारखा आवाज काढायचाय, आणि बाथरूममध्ये प्रॅक्टिस चालू झाली.