टर्मिनलवर स्वतःची सी लायब्ररी जोडताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॅक्सीचं भाडं काढणारी फंक्शनं भाडे.सी मध्ये लिहिली, त्यांची लायब्ररी केली. मुंबईत कॉलेजच्या लॅबमधल्या आयडीईत (कोड लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) सगळं चालतं, घरी उबुंटूच्या टर्मिनलवर मात्र ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतं, आणि हेडर तर इन्क्लूड केलेलं आहे.

हेडरवरचा संशय आधी सोडा. हा एरर कम्पायलरचा नाही, लिंकरचा आहे. असं एक फंक्शन कुठेतरी आहे, एवढंच हेडर कम्पायलरला सांगतं. ते शोधून जोडायचं काम लिंकरचं. आयडीई दोन्ही कामं एका बटणात उरकतं, म्हणून ती वेगळी आहेत हे कळतच नाही. अंधेरीला आमच्या ऑफिसात नवीन लागलेली मुलं नेमकी इथेच अडकतात, म्हणून मी त्यांना सुरुवातीला टर्मिनलवरच बिल्ड करायला लावते.

‘जीसीसी -सी भाडे.सी’ दिलं की भाडे.ओ (कम्पाइल झालेला, पण अजून न जोडलेला कोड) तयार होते. मग ‘एआर आरसीएस लिबभाडे.ए भाडे.ओ’ म्हणजे झाली लायब्ररी. शेवटी ‘जीसीसी मेन.सी -एल. -एलभाडे’. यातला पहिला एल कॅपिटल, त्याला लागून फोल्डर (टिंब म्हणजे आत्ता आहात तेच). दुसरा स्मॉल, त्याला लागून लायब्ररीचं नाव, सुरुवातीचं ‘लिब’ आणि शेवटचं ‘.ए’ गाळून.

तुमच्या कमांडमध्ये -एलभाडे हे मेन.सीच्या आधी आलंय. दुखणं तिथेच आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. ‘.ए’ फाइल समोर आली की तोवर जी नावं सापडायची राहिलीत, ती ज्या ओ फाइलींत आहेत तेवढ्याच उचलतो. सुरुवातीला काहीच राहिलेलं नसतं, म्हणून तो तुमच्या लायब्ररीतून काहीही न घेता पुढे सरकतो. नंतर मेनमध्ये त्या फंक्शनचं नाव निघतं, पण तो मागे फिरत नाही. लायब्ररी नेहमी शेवटी लिहा. एक लायब्ररी दुसरीवर अवलंबून असेल तर जिला गरज आहे ती आधी.

क्रम बदलूनही एरर राहिला तर अंदाज बांधत बसू नका, ‘एनएम लिबभाडे.ए’ चालवून बघा; फाइलीत कोणती नावं आहेत ते एनएम दाखवतं. नावाच्या आधी कॅपिटल टी असेल तर फंक्शन आत आहे. यू असेल तर ते बाहेरून यायचंय. हे फार गुणी टूल आहे आणि शिकवताना त्याचं नावही कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. मेन फाइल सी++ची असेल तर तिच्या ओ फाइलवरही चालवा: यूपुढे फंक्शनचं नाव आगेमागे अक्षरं चिकटून आलं असेल, तर सी++ने ते नाव बदललंय, आणि हेडरमधली डिक्लेरेशन्स एक्स्टर्न ‘सी’ मध्ये घ्यावी लागतील.

त्याच फोल्डरमध्ये लिबभाडे.एसओ (लायब्ररीचं शेअर्ड रूप, जे प्रोग्रॅम चालताना जोडलं जातं) पडली असेल तर लिंकर ‘.ए’ सोडून तीच घेतो, तेव्हा जुनी एसओ असली तर काढून टाका. एवढं करूनही अडलं तर एनएमचं आउटपुट प्रश्नात टाका, मी बघते.