दाब, दबाव आणि ताण

'व्हेंटिलेटरच्या दबावामुळे हृदयावर ताण येतो आणि हृदयातील संप्रेरक कमी होते' या वाक्यात 'दबाव' योग्य की 'दाब', असा प्रश्न आला आहे.

याचे उत्तर सोपे आहे. मराठीत दबाव माणसे माणसांवर आणतात, तर हवा, पाणी आणि रक्त यांचा दाब असतो. म्हणूनच आपण रक्तदाब म्हणतो आणि दबावगट म्हणतो. येथे 'दाब'च हवा.

मला अधिक खटकतो तो 'ताण' हा शब्द, कारण त्याने अर्थच उलटा होतो. एरवी श्वास घेताना छातीतला दाब उतरतो आणि शिरांतले रक्त हृदयाकडे ओढले जाते. व्हेंटिलेटर मात्र हवा आत ढकलतो, त्यामुळे छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. अतिदक्षता विभागात 'पीप आठवर आहे' असे ऐकू येते, तेव्हा श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसांत 8 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब राखलेला असतो. पाऱ्याच्या मापाने तो जेमतेम 6 मिलिमीटर भरतो. पण निरोगी माणसाच्या उजव्या अलिंदातला, म्हणजे शिरांतले रक्त जिथे येते त्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातला, दाबही साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी असल्याने, हे थोडेही पुष्कळ ठरते.

आता संप्रेरकाकडे येऊ. 1981 मध्ये कॅनडात आदोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले. त्या अर्कातले हे संप्रेरक अलिंदाची भिंत ताणली गेली की स्रवते. दुधाची भरलेली पिशवी तटतटलेली असते आणि थोडे दूध काढताच सैल पडते, तसेच येथे होते: रक्त कमी आले की अलिंदाची भिंत सैलावते, संप्रेरक घटते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. रुग्णाची लघवी कमी होण्यामागचे हे एक कारण आहे, एकमेव नव्हे.

म्हणजे दाब वाढतो तेव्हा अलिंदाचा ताण उतरतो. फुगलेल्या फुप्फुसांत रक्त ढकलताना उजव्या निलयाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याला, जास्त जोर लावावा लागू शकतो, हे खरे. परंतु त्यासाठी 'भार' हा शब्द मोकळा आहे. ('संप्रेरक' मात्र चपखल आहे. 'ग्रंथिरस' म्हटले असते तर ग्रंथी नसलेल्या, स्नायूंच्या हृदयाला तो शब्द लावताना अडखळायला झाले असते.)

मी ते वाक्य असे लिहीन: 'व्हेंटिलेटरच्या दाबामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, अलिंदाच्या भिंतीवरील ताण उतरतो आणि म्हणून तिथले संप्रेरक कमी स्रवते.'