नातवंडं सांभाळताना सुट्टी कशी घ्यावी

ताई, अंथरूण धरेपर्यंत थांबू नका, सुट्टीचा वार आधीच ठरवा. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, दोनच तास. नात तीन वर्षांची झाली असेल तर अंगणवाडीत नाव घाला.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:

- मूल झोपलं की गुपचूप सटकणं. उठल्यावर ते घाबरतं आणि पुढच्या वेळी पदरच सोडत नाही. "तुझं दूध पिऊन झालं की येते" असं सांगून जा, आणि तेव्हाच या.
- मोकळ्या वेळात भाजी निवडणं. ही सुट्टी नव्हे! बीपी तपासा, देवळात जा, नाहीतर सरळ झोपा.

सांभाळणाऱ्या शेजारणीला आधी दोनदा तुमच्यासमोर बसवा. औषधाची मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. रात्रभर ठेवणं एवढ्यात नको.