भाड्याची बिल्डिंग सांभाळायला देताय? आधी टक्का कशावर, ते विचारा

भावा, राजारामपुरीतली आठ फ्लॅटची बिल्डिंग सांभाळायला माणूस 'फक्त ८ टक्के' मागतोय म्हणून लगेच हरखू नको. आठ टक्के कशावर? येणं असलेल्या भाड्यावर की हातात आलेल्या? नऊ हजारांप्रमाणे महिन्याचे ७२,००० होतात, त्याचे ८ टक्के ५,७६०. दोन फ्लॅटचं भाडं थकलं तर जमा ५४,००० आणि फी ४,३२०. म्हणजे १,४४० चा फरक, तोही नेमका तुझ्या ओढाताणीच्या महिन्यात. जमा भाड्यावरच कबूल कर. जीएसटीची नोंदणी असेल तर वर १८ टक्के लागतात, तेही आधीच विचार.

खरी मेख दुरुस्तीत असते. माझ्याकडच्या माणसानं एकदा पाण्याची मोटर भरून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, आणली. बिल ४,२००. मी सहज वाइंडिंगवाल्याकडं डोकावलो, तर त्यानं घेतलेले ३,५००! तेव्हापासून दोन हजारांवरचं काम मला विचारल्याशिवाय नाही, आणि पावती थेट दुकानदाराची.

नवा भाडेकरू आणल्याबद्दल तो एका महिन्याचं भाडं घेणार असेल, तर अकरा महिन्यांनी त्याच भाडेकरूच्या नूतनीकरणाला पुन्हा तेवढंच द्यायचं नाही. करार नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकाची, त्यामुळं नोंदलेली प्रत स्वतःकडं ठेव.

आणि हो, घरभाड्याच्या उत्पन्नातून आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. ही फी त्यातच आली, वेगळी वजा होत नाही. तू स्वतः दोन गल्ल्या पलीकडं राहत असशील तर मी म्हणेन, आधी वर्षभर स्वतःच वसुली करून बघ.