आई गेली सहा तारखेला, बिल मात्र महिनाअखेरपर्यंतचं

प्रश्न : ताई, माझी आई चौदा महिने रत्नागिरीजवळच्या एका वृद्धाश्रमात होती. महिन्याचे १८,००० रुपये, आगाऊ भरायचे. डिपॉझिट ५४,०००. ६ जूनला पहाटे ती गेली. सुतक, मग तेरावं, वर पाऊस. तिची पेटी आणि गादी आणायला जाणं झालं ते थेट २० जूनला. आता ते म्हणतात, जूनचे पैसे परत नाहीत. शिवाय नोटीस दिली नाही म्हणून एक महिन्याचे १८,०००, खोलीच्या रंगाचे ६,००० आणि ‘किरकोळ’ २,३४० कापून २७,६६० देऊ, तेही ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही केली तर. मुंबईचा भाऊ म्हणतो, कोर्टात खेचू. आईचा वॉकरही तिथंच राहिलाय. काय करावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. मी केली होती, म्हणून सांगते. माझी आत्या अशाच एका ठिकाणी १९ तारखेला गेली आणि बिलात २१ तारखेला तिला दोनदा वाफ दिल्याचे पैसे! वकील असून मी ते घरी येऊन चष्मा लावल्यावर वाचलं, तोवर सही देऊन बसले होते. पैसे जरूर घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हातानं ‘उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून’ एवढं लिहा. ते चालणार नाही म्हणाले, तर पैसे तूर्त राहू देत तिथंच.

आता करार काढा आणि नोटिशीचं कलम वाचा. ‘रहिवासी आश्रम सोडणार असल्यास’ असे शब्द असतील, तर ते आपणहून जाणाऱ्यासाठी आहेत. गेलेल्या माणसानं नोटीस द्यायची कुठून? मृत्यू झाला तरी महिन्याचे पैसे कापू, असं स्पष्ट छापलेलं असेल तर तुमची बाजू लंगडी होते, पण संपत नाही. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की दंडाचा आकडा कागदावर असला तरी मिळते ती वाजवी भरपाईच. करारातलं ते नोटिशीचं कलमच अनुचित ठरवून घ्यायचं तर राज्य ग्राहक आयोगापर्यंत जावं लागतं. १८,००० साठी मी तरी जाणार नाही.

जूनच्या पैशांबाबत मात्र मी थोडी आश्रमाच्या बाजूची. २० तारखेपर्यंत खोली तुमच्या सामानानं अडलेली होती. सुतकात कुणी पेटी उचलायला येत नाही हे त्यांनाही कळतं, पण तेवढे दिवस त्या खाटेवर दुसरी आजी येऊ शकली नाही, हेही खरं. दिवसाला ६०० धरा. वीस दिवसांचे त्यांचे, दहा दिवसांचे ६,००० तुमचे. ७ तारखेपासूनचं जेवण वजा करा म्हणायला हरकत नाही. मी म्हणाले नसते.

रंगाचे ६,००० सरळ नाकारा. आपल्याकडे पावसात भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात. ते काही तुमच्या आईनं केलेलं नाही. ‘किरकोळ’ची मेडिकलच्या दुकानातली बिलं मागा, आणि प्रत्येकावरची तारीख बघा.

डिपॉझिटची पावती कुणाच्या नावावर आहे? आईच्या असेल आणि पैसे तिचे असतील, तर ते सगळ्या वारसांचे. भाऊ, बहिणी, सगळ्यांची संमती घेऊन एकानं पुढे व्हा. मृत्यूचा दाखला लागेल. तो देवगडात शोधू नका, नोंद जिथं मृत्यू झाला तिथली, म्हणजे आश्रम ज्या ग्रामपंचायतीत आहे तिथली. आश्रमानं २१ दिवसांत कळवायचं असतं. कळवलंय का, हे आधी विचारा.

भावाला सांगा, कोर्ट नको. आधी स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे रत्नागिरीच्या खेपा नकोत, ओरोसला सिंधुदुर्गच्या आयोगात जा. ग्राहक मयत असेल तर वारसही तक्रार करू शकतात. मुदत दोन वर्षं. आश्रमाला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे फी नाही. फोनवर विचारायचं असेल तर १९१५.

वॉकर तुमचा आहे, हवा तर आणा. तिथल्याच कुणाला द्यायचा असेल तर नुसता द्या, हिशेबात धरू नका.